नवजात अर्भकाची फुफ्फुसे आणि श्वसनविषाणू : पहिल्या सहा महिन्यांतील धोका

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू येथील तीन आणि आठ महिन्यांच्या दोन बालकांना एचएमपीव्ही या श्वसनविषाणूचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. पाठोपाठ तमिळनाडू सरकारने चेन्नई आणि सेलम येथे प्रत्येकी एक रुग्ण आढळल्याचे जाहीर केले. देशभर काही दिवस या ‘नव्या’ विषाणूची चर्चा रंगली. वास्तविक हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता, आणि भारतातील बालकांमध्ये तो असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच नोंदविले होते. त्याचा जवळचा नातलग असलेला आरएसव्ही, म्हणजेच रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, हा तर त्याहून कितीतरी अधिक घातक आहे. मात्र त्याच्याविषयी सर्वसामान्यांना फारशी माहिती नाही.

आरएसव्हीचा संसर्ग वयाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला एकदा तरी होतो. मोठ्या मुलांमध्ये आणि प्रौढांमध्ये तो साध्या सर्दीपलीकडे सहसा जात नाही. तोच विषाणू दोन महिन्यांच्या अर्भकाला मात्र प्राणवायूच्या नळीवर नेऊन ठेवतो. २०२२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील सुमारे १ लाख १ हजार ४०० बालके आरएसव्हीमुळे दगावली. त्यांपैकी सुमारे ४५ हजार ७०० बालके सहा महिन्यांहून लहान होती. विषाणू एकच असताना परिणामांत इतका फरक का पडतो, याचे उत्तर नवजात फुफ्फुसाच्या घडणीत आणि तेथील प्रतिकारयंत्रणेच्या स्वभावात आहे.

अरुंद वाटा

जन्माच्या वेळी फुफ्फुस पूर्ण तयार झालेले नसते. प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांतील बहुसंख्य वायुकोश जन्मानंतर, आणि मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. अर्भकाच्या सूक्ष्म श्वासनलिका मुळातच अत्यंत अरुंद असतात. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध सोळा पटींनी वाढतो, हा भौतिकशास्त्राचा नियम येथे निर्दयपणे लागू होतो. प्रौढाच्या श्वासनलिकेत जी सूज जाणवणारही नाही, तीच सूज अर्भकाची वाट बंद करते.

आरएसव्ही नेमका याच सूक्ष्म नलिकांच्या अस्तरावर हल्ला करतो. बाधित पेशी शेजारच्या पेशींशी जोडल्या जाऊन त्यांचे मोठे पुंजके बनतात. विषाणूच्या नावातील ‘सिन्सिशियल’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. मेलेल्या पेशींचा कचरा, चिकट स्राव आणि संरक्षणासाठी धावून आलेल्या पांढऱ्या पेशी यांचा गाळ नलिकांत साचतो. या आजाराला वैद्यकीय परिभाषेत ब्राँकियोलायटिस म्हणतात. त्यात हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. काही भाग फुगून राहतात, तर काही मिटतात. बाळाच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जातात. खेड्यातील आजीबाई ‘बाळाचे पोट उडते आहे’ असे म्हणतात, ती हीच अवस्था होय.

दोन महिन्यांखालील अर्भकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एवढी लहान मुले प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे नाक चोंदले की दूध ओढणेही थांबते. काही अर्भकांत खोकला किंवा ताप यांऐवजी श्वास मध्येच काही क्षण थांबणे हेच पहिले लक्षण असते. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांत हा धोका अधिक असतो.

संयम राखणारी प्रतिकारयंत्रणा

नवजात बालकाची प्रतिकारशक्ती ‘कमकुवत’ असते, असे सरसकट म्हटले जाते. गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधन पाहता हा शब्द पुरेसा नेमका वाटत नाही. ती दुर्बल असण्यापेक्षा संयमाकडे झुकलेली असते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. गर्भाला नऊ महिने आईच्या शरीरात राहायचे असते. आईच्या पेशींना परके मानून त्याने लढा पुकारला, तर गर्भधारणाच टिकणार नाही. जन्मानंतर लगेच त्याच्या त्वचेवर, आतड्यांत आणि श्वसनमार्गात असंख्य निरुपद्रवी जंतू वस्तीला येतात. त्या प्रत्येकाविरुद्ध दाह पेटला, तर नुकतीच हवा भरू लागलेली फुफ्फुसे श्वासोच्छ्वासाचे मूळ कामच करू शकणार नाहीत. त्यामुळे या वयातील संयम हा निसर्गाने साधलेला तोल आहे. आक्रमक विषाणू आला की मात्र त्या तोलाची किंमत मोजावी लागते.

विषाणूच्या शिरकावानंतर पहिल्या काही तासांत बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. ही प्रथिने शेजारच्या पेशींना सावध करतात आणि विषाणूची वाढ रोखतात. नवजात अर्भकाच्या रक्तातील विशिष्ट पेशी प्रौढांच्या तुलनेत इंटरफेरॉन कमी प्रमाणात तयार करतात. त्यातच आरएसव्हीकडे एनएस-१ आणि एनएस-२ ही दोन प्रथिने असतात. त्यांचे मुख्य काम इंटरफेरॉनचा हा संदेश दाबणे हेच होय. मुळात हळू आवाजात दिलेली हाक, आणि तीही दाबून टाकणारा शत्रू, अशी ही स्थिती आहे.

वायुकोशांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, यांची कथाही अशीच आहे. उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसून आले आहे की, या पेशींचे पूर्वज गर्भावस्थेत फुफ्फुसात पोहोचतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पूर्ण रूप प्राप्त होते. म्हणजे पहारेकरी कामावर रुजू होत असतानाच दरवाजावर थाप पडू शकते.

त्यानंतर टी पेशींची पाळी येते. विषाणूचा नायनाट करण्यासाठी टी पेशींचा जो प्रतिसाद उपयुक्त ठरतो, त्याला शास्त्रज्ञ पहिल्या प्रकारचा प्रतिसाद म्हणतात. नवजात अवस्थेत कल असतो तो दुसऱ्या प्रकाराकडे. हा दुसरा प्रतिसाद जंतांविरुद्ध उपयोगी असतो, तोच ॲलर्जी आणि दमा यांतही दिसतो, आणि त्यामुळे नलिकांत चिकट स्राव वाढतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डोना फार्बर यांच्या संशोधक गटाने अवयवदान झालेल्या बालकांच्या ऊतींचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्भकाच्या ऊतींत दाह आवरून धरणाऱ्या नियामक टी पेशींचे प्रमाण मोठे असल्याचे त्यांतून स्पष्ट झाले. एकदा झालेल्या संसर्गाची आठवण जपत फुफ्फुसातच मुक्काम ठोकणाऱ्या स्मृतिपेशी बालवयात कमी तयार होतात, असे उंदरांवरील अभ्यास सुचवितात. एकाच मुलाला आरएसव्ही पुन्हा पुन्हा का गाठतो, याचे हे एक कारण असावे, जरी विषाणूच्या स्वतःच्या युक्त्याही त्यामागे आहेतच.

या सर्व संयमात एक विसंगती मात्र आहे. गंभीर आजारी अर्भकाच्या श्वासनलिकेतील स्राव तपासला, तर त्यातील बहुसंख्य पेशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी असतात. त्या मोठ्या संख्येने येतात, परंतु विषाणूपेक्षा त्यांचा मारा नलिकांच्या अस्तरावरच अधिक होतो. म्हणजे नेमका आणि वेळेवर मिळणारा प्रतिसाद कमी, आणि उशिराचा, अंदाधुंद प्रतिसाद जास्त असा प्रकार होतो. अर्भकाच्या फुफ्फुसाचे नुकसान विषाणू किती करतो आणि शरीराची स्वतःची धावपळ किती करते, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. गंभीर आरएसव्ही होऊन गेलेल्या मुलांत पुढे दम्यासारखी घरघर अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. विषाणूच तिचे कारण आहे की मुळात संवेदनशील फुफ्फुसे असलेल्या मुलांनाच तो अधिक त्रास देतो, हा प्रश्न मात्र अद्याप वादाचा आहे.

आईने दिलेली शिदोरी

स्वतःची यंत्रणा तयार होईपर्यंत बाळ आईच्या प्रतिपिंडांवर निभावते. हे प्रतिपिंड वारेतून गर्भाकडे पाठविण्याची व्यवस्था गर्भारपणाच्या मध्यावरच सुरू होते, तरी बहुतांश साठा शेवटच्या काही आठवड्यांत पोहोचतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात या प्रतिपिंडांची पातळी आईच्या पातळीहूनही काहीशी अधिक असू शकते. आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ या शिदोरीतील मोठ्या वाट्याला मुकते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्य संस्थांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात ३० लाखांहून अधिक बालके मुदतीपूर्वी जन्मली. ही संख्या जगात सर्वाधिक होती.

ही शिदोरी झपाट्याने संपतेही. साधारणतः दर महिन्याला तिचे प्रमाण निम्मे होत जाते, आणि सहाव्या महिन्यापर्यंत फारच थोडे उरते. आईच्या दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून मिळणारे प्रतिपिंड नाक, घसा आणि आतडे यांच्या अस्तराचे रक्षण करतात. चीक फेकून देऊन बाळाला मध किंवा साखरपाणी चाटविण्याची जुनी पद्धत या दृष्टीने दुहेरी नुकसानीची ठरते.

बाळाला थेट लस देऊन ही उणीव भरून काढण्याचा पहिला प्रयत्न दुर्दैवी ठरला. आरएसव्ही १९५६ मध्ये अमेरिकेतील प्रयोगशाळेत ठेवलेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनॉक यांनी तो आजारी बालकांतून वेगळा केला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९६६ मध्ये, फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस अमेरिकेत अर्भकांना देऊन पाहण्यात आली. पुढच्या हंगामात वॉशिंग्टनमधील चाचणीतील ज्या लसवंत अर्भकांना संसर्ग झाला, त्यांच्यापैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल झाली. लस न घेतलेल्या संसर्गित बालकांत हे प्रमाण ५ टक्के होते. दोन लसवंत बालके दगावली. लसीने तयार झालेले प्रतिपिंड विषाणूला नीट निकामी करू शकत नव्हते, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादाला मात्र तिने चिथावणी दिली होती. नवजात अवस्थेतील प्रतिकारयंत्रणा ही प्रौढांच्या यंत्रणेची लहान आवृत्ती नव्हे, हा धडा वैद्यकविश्वाला फार मोठी किंमत देऊन मिळाला. आरएसव्हीवरील लसीचे काम त्यानंतर कित्येक दशके रेंगाळले.

मेळघाटात काय आढळले

वर उल्लेखिलेल्या जागतिक अंदाजात एक आकडा विशेष बोलका आहे. १ लाख १ हजार ४०० मृत्यूंपैकी रुग्णालयांत झालेले मृत्यू सुमारे २६ हजार ३०० एवढेच होते. म्हणजे चारांपैकी जवळपास तीन बालके रुग्णालयाबाहेर दगावली. रुग्णालयातील नोंदींवरून या आजाराचा अंदाज बांधणे म्हणजे विहिरीच्या काठावरून पाण्याचा ठाव घेण्यासारखे आहे.

ही उणीव भरून काढणाऱ्या मोजक्या अभ्यासांपैकी एक महाराष्ट्रात झाला. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत पसरलेला मेळघाट हा कोरकू आदिवासींचा प्रदेश होय. कुपोषण आणि बालमृत्यू यांसाठी त्याचे नाव १९९० च्या दशकापासून वारंवार चर्चेत आले आहे. तेथे डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांनी उभारलेल्या ‘महान’ या संस्थेने अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे डॉ. एरिक सिमोस आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था यांच्या साहाय्याने २०१६ पासून दोन वर्षांखालील बालकांचा गावपातळीवर पाठपुरावा केला. गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविका घरोघरी जाऊन श्वसनविकार असलेली मुले शोधीत. नाकातील स्रावाचे नमुने घेऊन विषाणूची तपासणी केली जाई. मृत्यू पावलेल्या बालकांचे नमुनेही पालकांच्या संमतीने घेण्यात आले. दुःखाच्या त्या घटकेत अशी संमती मागणे आणि मिळविणे, हे काम प्रयोगशाळेतील कोणत्याही तपासणीहून अवघड म्हटले पाहिजे.

२०२१ मध्ये ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरएसव्ही हा ग्रामीण भागातील अर्भकांच्या गंभीर श्वसनविकारांचे महत्त्वाचे कारण असून त्यामुळे होणारे मृत्यू गावात, घरीही घडतात, हे त्यांतून पुढे आले. न्यूमोनिया, कुपोषण किंवा नुसतेच ‘श्वास लागून’ अशा नोंदींखाली हा विषाणू इतकी वर्षे दडून राहिला होता. चुलीचा धूर, कमी वजनाचा जन्म, एका खोलीत नांदणारे मोठे कुटुंब आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते या सर्व गोष्टी अर्भकाच्या अरुंद श्वासनलिकांवरच येऊन आदळतात. श्वास लागलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची अघोरी प्रथा तेथे अद्याप पूर्णपणे संपलेली नाही. आरोग्यसेवा वेळेवर पोहोचत नाही तेथे अशा उपायांना जागा मिळते, हेही नाकारता येत नाही.

श्वास मोजण्याचे साधे काम

घरातच आजार ओळखण्याची वाट त्यापूर्वीच गडचिरोलीत सापडली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८८ पासून गावातील आरोग्यदूत आणि पारंपरिक दाई यांना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक औषध देण्याचे शिक्षण दिले. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. अक्षरओळख नसलेल्या दाईंना श्वासाची गती मोजता यावी, म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ यांची सांगड घालणारे एक साधे उपकरणही तेथे तयार करण्यात आले. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरोघरच्या नवजात सेवेमुळे नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

श्वास मोजण्याचा निकष आजही तोच आहे. दोन महिन्यांखालील बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, तर ती गंभीर आजाराची खूण समजावी. दोन महिने ते एक वर्ष या वयात ही मर्यादा ५० आहे. बरगड्या आत ओढल्या जाणे, बाळाने दूध सोडणे, ओठ निळसर होणे किंवा श्वास थांबून थांबून चालणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. प्रतिजैविकांचा विषाणूवर परिणाम होत नाही. आरएसव्हीवर खात्रीचे औषध उपलब्ध नसून प्राणवायू, नाक मोकळे ठेवणे आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे हाच उपचाराचा गाभा आहे. तो वेळेवर मिळाल्यास बहुसंख्य अर्भके बरी होतात.

उसने संरक्षण आणि त्याचे वेळापत्रक

२०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएसव्हीच्या ‘एफ’ प्रथिनाची पेशीत शिरण्यापूर्वीची रचना उलगडली, आणि रेंगाळलेल्या संशोधनाला गती मिळाली. त्यातून दोन साधने पुढे आली. पहिले म्हणजे गर्भवती मातेला द्यायची लस. तिच्यामुळे वारेतून जाणारी शिदोरी भरभक्कम होते. मोठ्या चाचणीत या लसीने बाळाला पहिल्या तीन महिन्यांत गंभीर आजारापासून सुमारे ८२ टक्के, तर सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ टक्के संरक्षण दिले. दुसरे साधन म्हणजे निर्सेव्हिमॅब हा प्रयोगशाळेत तयार केलेला दीर्घकाळ टिकणारा प्रतिपिंड. तो बाळाला एकाच इंजेक्शनद्वारे दिला जातो. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०२३ मध्ये तो सर्व अर्भकांना देण्यास आरंभ झाला, आणि पहिल्याच हंगामात रुग्णालयात दाखल होण्यापासून सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळाल्याचे नोंदविले गेले. दोन्ही साधने नवजात प्रतिकारयंत्रणेला काही शिकविण्याचा प्रयत्न करीत नाहीत. ती तिला तयार संरक्षण उसने देतात, आणि १९६६ च्या अनुभवानंतर हाच मार्ग शहाणपणाचा ठरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या दोन्हींची शिफारस सर्व देशांना केली.

हे संरक्षण पाच-सहा महिनेच टिकत असल्याने ते केव्हा द्यावे, हा प्रश्न भारतासारख्या देशात गुंतागुंतीचा होतो. उत्तर भारतात आरएसव्हीचा जोर प्रामुख्याने हिवाळ्यात, तर पश्चिम आणि दक्षिण भारतात पावसाळा व त्यानंतरच्या महिन्यांत दिसतो. त्यातही पावसाळा सर्वत्र एकाच वेळी येत नाही. मेळघाटात तो जून ते सप्टेंबर असतो, तर चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर परिसरात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. एकाच तारखेला देशभर मोहीम राबविणे त्यामुळे व्यवहार्य नाही. औषधाची किंमत हा अडथळा तर आहेच.

दरम्यान, अर्भकाच्या घरी नियमाने जाणारी व्यक्ती म्हणजे आशा कार्यकर्ती होय. गडचिरोलीच्या अनुभवावर आधारलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ती प्रसूतीनंतर ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पुढील कार्यक्रमातील पहिली भेट तिसऱ्या महिन्यात असते. आरएसव्हीने रुग्णालयात दाखल होणाऱ्या अर्भकांची गर्दी साधारण पहिल्या ते तिसऱ्या महिन्यात अधिक असते, आणि ४२ दिवस ते तीन महिने ही मधली फट नेमकी त्याच काळात पडते. या फटीत बाळ आरोग्यकर्मचाऱ्यांच्या नजरेस येते ते सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या लसीकरणाच्या दिवशी. त्या दिवशी सुई टोचण्यापूर्वी बाळाचा श्वास एक मिनिट मोजण्यास घड्याळाखेरीज अन्य कोणतेही साधन लागत नाही.